मधली जमीन: सिंधुदुर्गात फुलपाखरांच्या वाटा शोधताना

फुलपाखरं बघायला चालले म्हटलं की लोक पहिलं विचारतात, किती जाती मिळाल्या? यावेळी मला यादी करायचीच नव्हती. मला बघायचं होतं की फुलपाखरू एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं कसं, म्हणजे राईतून बागेत, बागेतून व्हाळावर म्हणजे ओढ्यावर, व्हाळावरून घाटाच्या पायथ्याशी, आणि मधे जे काय आहे, भातशेती, सडा, हायवे, काजूची बाग, चिऱ्याची खाण, ते त्याला पुढे जाऊ देतं की अडवतं. यासाठी सिंधुदुर्गासारखा जिल्हा नाही. समुद्र आणि सह्याद्री यांच्यातली पट्टी इथे इतकी चिंचोळी आहे की सकाळी खाडीवर आणि दुपारी घाटात असं एका दिवसात सहज होतं, आणि तेवढ्या अंतरात जमीन कितीतरी वेळा बदलते. ऑक्टोबर निवडला कारण पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं आणि फुलपाखरांची गर्दी असते. उकाडा भयंकर, पण तो धरूनच चालायचं.

शनिवार, कुडाळजवळ मावशीकडे

पहाटे कुडाळ स्टेशनला उतरले, मावसभाऊ, माझा दादा, बाइक घेऊन आला होता. मावशीचं घर धामापूरच्या वाटेवर. धामापूरचा तलाव १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडीचे डोंगर, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तिथे संध्याकाळी गेलो, पण आधी मावशीचं परसू, कारण मला वाटतं या विषयातलं निम्मं तिथेच शिकायला मिळतं.

घरासमोर खळं, म्हणजे अंगण, बाजूला माड-पोफळी, मागे आंब्याची आणि काजूची कलमं, त्यापलीकडे व्हाळ, आणि सगळ्याच्या हद्दीवर गडगा. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, एकावर एक नुसती रचलेली बुटकी भिंत. त्यावर आणि त्याच्या कडेने जे काय उगवेल ते उगवतं: घाणेरी, निर्गुडी, कुडा, नाना वेली. आठ-साडेआठला ऊन गडग्यावर पडलं आणि फुलपाखरं येऊन पंख पसरून बसायला लागली. फुलपाखराला उडायचं तर आधी अंगातले उडायचे स्नायू तापवून घ्यावे लागतात, साधारण तीसच्या वर तापमान गेलं की त्याला नीट उडता येतं, आणि जांभा दगड झाडाच्या पानापेक्षा लवकर तापतो. मावशी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय गो बघतस एवढा? सकाळची सगळी त्या गडग्यारच असतत, ऊन येता ना थय." तिने हे कधी कुठे वाचलेलं नाही, रोज भांडी घासताना बघितलेलं आहे.

मग मी एकेकाच्या मागे नजर ठेवून बसले. माडाच्या बागेत कॉमन पामफ्लाय होतं, तपकिरी-काळसर, त्याची अळी माड-पोफळीच्या झावळ्या खाते. ते सावली सोडायला तयारच नाही. खळ्यात लख्ख ऊन, पलीकडे दुसऱ्यांच्या पोफळी, सरळ उडालं तर काही सेकंदांचं काम, पण ते खळ्याच्या काठापर्यंत येऊन वळायचं, पुन्हा यायचं, पुन्हा वळायचं, आणि शेवटी न्हाणीघरामागच्या केळींच्या सावलीतून लांबचा वळसा घालून पलीकडे गेलं. म्हणजे आपल्याला जी मोकळी जागा वाटते ती त्याच्यासाठी भिंत आहे, आणि केळींची एवढीशी ओळ हा त्याचा रस्ता.

कॉमन रोझचं वेगळंच. त्याला ऊन चालतं, पण अंडी घालायला ईश्वरीचा वेल लागतो आणि तो वेल सापडतो कुठे, तर गडग्याच्या झाडोऱ्यात. एक मादी गडग्याच्या कडेकडेने, जमिनीपासून हात-दीड हातावर, प्रत्येक वेलाला पायाने चाचपत चालली होती. फुलपाखराच्या पायाला चव कळते, पानावर उतरून ती झाड ओळखते. ती गडग्याच्या टोकापर्यंत गेली, कोपऱ्यावर वळली आणि व्हाळाच्या दिशेने दिसेनाशी झाली. मधल्या कलमांच्या बागेत तिने पाऊलही टाकलं नाही, कारण तिथे खालचं सगळं रान बेणून लख्ख केलेलं.

कलमांची बाग रिकामी असते असंही नाही. कॉमन बॅरनची अळी आंब्याची आणि काजूची पानं खाते, तेव्हा त्याला आपल्या बागा म्हणजे चांगलं घर. कॉमन जेझेबेल, पिवळं-लाल असलेलं ते सुंदर फुलपाखरू, आंब्यावरच्या बांडगुळावर वाढतं. मावशीचे यजमान, काका, म्हणाले, "बांडगूळ काढूचाच लागता, नायतर कलम मराता." खरंच आहे त्यांचं, बांडगूळ झाडाचा रस पिऊन झाडाला खलास करतं. पण गावात सगळ्यांनी एकाच वर्षी सगळी झाडं साफ केली तर जेझेबेलला त्या वर्षी कुठे जायचं हा प्रश्न राहतो. व्हाळाकाठच्या रानटी आंब्यावर कोणी चढत नाही, तिथलं राहतं, आणि तिथून ती परत पसरत असावीत असं मला मावशीच्या मागचा तो भलामोठा आंबा बघून वाटलं.

रविवार, कुडोपीचा सडा

सकाळी लवकर निघालो. कुडोपी मालवण तालुक्यात, सड्यावर कातळशिल्पं आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची जी ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली त्यात कुडोपी आहे. शिल्पं बघितलीच, ती बघायलाच हवीत, पण त्याबद्दल लिहिणारे जाणकार बरेच आहेत.

सडा म्हणजे जांभ्याचा सपाट कातळ, वर मातीचा पातळ थर, कुठे तोही नाही. पावसाळ्यात यावर पाणी साचतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं, गेंद, तेरडा, कवला अशी फुलांची गादी होते. आम्ही गेलो तेव्हा ती ओसरत आलेली, कवल्याची पिवळी फुलं अजून होती आणि गवत तांबूस व्हायला लागलं होतं. गवतात ग्रास ज्युएल दिसलं, भारतातल्या सगळ्यात छोट्या फुलपाखरांपैकी एक, नखाएवढं. ते गवताच्या शेंड्यांच्या खालूनच उडतं, कारण वर वारा आहे. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो, तेवढ्या थरात छोट्या फुलपाखराला आपल्या मनाप्रमाणे जाता येतं आणि त्या थराच्या वर गेलं की वारा नेईल तिकडे. त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य एखाद्या झुडपाच्या आसपास निघतं. अशा फुलपाखरासाठी मधे शंभर मीटरची खाण झाली तर ती केवढी मोठी गोष्ट असेल.

ब्लू पॅन्सी आणि लेमन पॅन्सी मात्र सड्यावर मस्त. कातळावर पंख उघडून बसतात, कोणी जवळ आलं की उठून हुसकावतात आणि पुन्हा त्याच दगडावर. सड्याच्या कडेला जिथे रान सुरू होतं तिथे मी बराच वेळ उभी राहिले. ब्लू पॅन्सी रानाच्या भिंतीपर्यंत येतं आणि वळतं. शनिवारी पामफ्लाय उन्हाला जसं वळत होतं तसंच हे सावलीला वळत होतं. दादा शांतपणे म्हणाला, म्हणजे एकाचा रस्ता तो दुसऱ्याची भिंत. अगदी तेच.

यावर अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात मोठा प्रयोग झालाय. पाइनच्या दाट लागवडीत झाडं तोडून मोकळे चौकोन केले, काही चौकोन मोकळ्या पट्टीने एकमेकांना जोडले, काही तसेच सुटे ठेवले, आणि फुलपाखरांच्या पंखांवर खुणा करून कोण कुठून कुठे गेलं ते बघितलं. निक हॅडड या संशोधकाचं १९९९ चं काम. जोडलेल्या चौकोनांमध्ये जास्त फुलपाखरं इकडून तिकडे गेली. त्यातलं एक होतं कॉमन बकआय, जे आपल्या पॅन्सींच्याच कुळातलं, एकाच प्रजातीचं (जीनस Junonia), जात तेवढी वेगळी. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की तिथला कॉरिडॉर, म्हणजे जोडणारा पट्टा, झाडांचा नव्हता, झाडांमधून काढलेल्या उघड्या पट्टीचा होता. आपल्याकडे कॉरिडॉर म्हटलं की लगेच झाडं लावायचं डोक्यात येतं.

हे मी जरा जोर देऊन लिहितेय कारण सड्यांवर हेच चाललंय. सडा कागदावर पडीक. मग कातळ फोडून खड्डे करायचे, माती आणून टाकायची, आंबा-काजू लावायचा, नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. जिथे जिथे असे पट्टे झालेत तिथे सड्यावरच्या फुलपाखरांच्या मधे आडवी भिंत उभी राहते, आणि वर हिरवं दिसतं म्हणून कोणाला काही गेलंय असं वाटतही नाही. आंब्यावर घर चालणाऱ्या माणसाला मी लावू नको म्हणणार नाही, माझ्याच घरचे आंबे आहेत. पण दोन सड्यांना जोडणारा गवताचा पट्टा, निदान गुरांच्या वाटेएवढा, उघडा राहिला पाहिजे. गुरं चरायला जातात ती वाट बघा कधी, तिच्यावर पॅन्सी हमखास असतात.

सड्याच्या सगळ्यात उंच कोपऱ्यावर डेनाइड एगफ्लायचे नर होते. काळा रंग, त्यावर पांढरे गोल, कडेला जांभळी झाक. काही जातींचे नर उंचवट्यावर येऊन थांबतात आणि माद्या त्यांना शोधत तिथे येतात. विखुरलेल्या, कमी संख्येने असणाऱ्या जातींना याचा फायदा, कारण सगळ्या परिसरातून दिसणारी जागा म्हणजे उंचवटा, भेटायचं ठिकाण आपोआप ठरतं. जमिनीचा आकार फक्त वाटा ठरवत नाही, लग्नं पण ठरवतो! या जातीची मादी प्लेन टायगरची इतकी हुबेहूब नक्कल असते की नवख्याला कळत नाही.

सोमवार, हायवे, मग पारपोली आणि आंबोली

झारापच्या आधी हायवेच्या कडेला, डोंगर कापून रस्ता काढलाय तिथे, दहाच्या सुमारास थांबलो. जुन्या मुंबई-गोवा रस्त्यावर दुतर्फा वड, जांभळी होत्या आणि त्यांच्या फांद्या वरती एकमेकांना टेकत. चौपदरी रस्त्यात त्या गेल्या, आता मधे दुभाजक आणि दोन्हीकडे उघडी तांबडी दरड. कॉमन एमिग्रंट, ते फिकट पिवळसर-पांढरं, दरडीच्या वरूनच उंच आलं आणि सरळ निघून गेलं, त्याला रस्त्याचं काही नाही. निलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, पण गेला. निलवंत आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये महाराष्ट्राने जाहीर केलं आणि असं करणारं आपलं पहिलं राज्य. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, म्हणून तो जंगलापासून शहरातल्या बागेपर्यंत कुठेही फिरतो, पंखात दम आहे. पण छोटे ब्लू, झुडपांच्या सावलीतले बुशब्राउन, ते दरडीच्या काठाशी येऊन परत. एक-दोन खाली उतरले आणि ट्रकच्या हवेच्या झोताने भिरकावले गेले, ते बघवलं नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये फेंडर्स ब्लू नावाच्या दुर्मीळ फुलपाखराचा अभ्यास झालाय. ते आपल्या खाद्यवनस्पतीच्या कुरणात असलं की हळू, वळणावळणाने उडतं, आणि कुरणाबाहेर पडलं की सरळ आणि वेगात. मला हे वाचल्यापासून फुलपाखरू कसं उडतंय यावरून ते घरात आहे की परक्या जागेत ते ओळखायची सवय लागली आहे. हायवेवरून जाणारं प्रत्येक फुलपाखरू सरळ रेषेत जात होतं. आणि फुलपाखराला लांबचं आपल्यासारखं दिसत नाही, बऱ्याच जातींना आपलं ठिकाण दहा-वीस मीटरवरून कळतं, फार तर शे-दोनशे मीटर. तेव्हा रस्ता जितका रुंद तितकी पलीकडे काही आहे हे कळायची शक्यता कमी. माझ्या मते रस्त्याखालून जिथे व्हाळ जातो तिथली मोरी उंच आणि उजेडाची केली आणि दोन्ही काठांची झुडपं ठेवली तर खूप फरक पडेल. पुढे एका जुन्या पुलाखालून वाहणाऱ्या व्हाळावर आम्ही हे प्रत्यक्ष बघितलं, वर गाड्या आणि खाली पाण्याच्या कडेने फुलपाखरांची ये-जा.

दाणोलीला नाश्ता केला, उसळ-पाव आणि कडक चहा, आणि पारपोलीला गेलो. आंबोली घाटाच्या पायथ्याचं गाव, फुलपाखरांसाठी अलीकडे बरंच नाव झालंय. घाटावरून उतरणारे ओढे इथे सपाटीला येतात, आणि ओल्या वाळूवर कॉमन ब्लूबॉटल, कॉमन जे, एमिग्रंट यांची गर्दी. हे चिखलपान. जवळजवळ सगळे नर, ओल्या मातीतून क्षार शोषतात, मुख्य म्हणजे सोडियम, जो पानात आणि मकरंदात फार कमी असतो, आणि मीलनात तो मादीपर्यंत जातो. गुरं पाण्यावर येतात तिथे जास्त, हे सांगायला नको.

तिथे उभं राहून वर बघितलं की लँडस्केप म्हणजे काय ते कळतं. आंबोली सुमारे ६९० मीटरवर, पायथा त्याच्या कितीतरी खाली, आणि मधे उभा कडा, त्याला दऱ्यांच्या खाचा. प्रत्येक खाचेत झाडी, प्रत्येक दांडावर उघडा खडक. साउदर्न बर्डविंग एका खाचेतून दुसरीकडे जाताना दिसलं, झाडांच्या शेंड्यांच्याही वरून, पंख न हलवता तरंगत. पसरलेले पंख चौदा ते एकोणीस सेंटीमीटर, पिवळाधमक मागचा पंख. त्याच्या अळीला पण ईश्वरीच्या कुळातल्याच वनस्पती लागतात, म्हणजे मावशीच्या गडग्यावरच्या कॉमन रोझचं आणि या राजाचं जेवण एकाच घराण्यातलं. रोझ झुडपाच्या उंचीने शोधत जातं, हा दरीच्या वरून. दोघांना एकच दरी दोन वेगळ्या जागा आहेत.

दुपारी वर आंबोलीत गेलो आणि दीडनंतर ढग उतरले. उजेड गेल्याबरोबर दहा मिनिटांत एकही फुलपाखरू हवेत नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इथल्या फुलपाखरांचं सगळं आयुष्य दोन ढगांच्या मधल्या उन्हावर चालतं. मग आम्हीही भजी खाल्ली आणि परतलो.

मंगळवार, दोडामार्ग

आजचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. तिलारी परिसर, जिथे २०२० मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. त्याच्या आजूबाजूला रबर, काजू, केळी, अननस, आणि मधे मधे जुनी कुळागरं, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागा.

जंगलात, ओढ्याच्या वर, मलबार ट्री निम्फ बघितलं. पांढऱ्या कागदाचा तुकडा सोडल्यासारखं उडतं, अगदी सावकाश, फक्त सावलीत. उन्हाचा कवडसा आला की त्याला टाळून वळायचं. मी आणि दादा काही न बोलता बसून राहिलो. हे फुलपाखरू पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही. आणि त्याला पुढच्या जंगलात जायचं तर सलग सावली लागते.

मग बाहेर पडून आम्ही तेच बघत फिरलो, सावली कुठे तुटते. रबराची बाग: वर पानांचं छप्पर आहे, सावली आहे, पण खाली काही नाही, फूल नाही, वेल नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत रबर पान गाळतं तेव्हा छप्परही जातं. जंगलातली काही फुलपाखरं आतून जाताना दिसली, पण थांबलं कोणी नाही. काजू: पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेलं झाड, आता कोकणाचं होऊन बसलंय. काजू स्वतः वाईट नाही, जुन्या काजूखाली करवंद, कुडा, वेली वाढलेल्या असल्या तर तिथे फुलपाखरं भरपूर. नव्या बागेत मात्र बिया वेचायला सोपं म्हणून खालचं सगळं साफ, आणि आता ग्रासकटर आणि तणनाशक असल्याने ते काम वर्षभर चालतं. पूर्वी कोयत्याने बेणणी वर्षातून एकदा व्हायची, तेवढ्यात अळीचं फुलपाखरू होऊन जायचं.

आणि कुळागर. व्हाळाच्या काठाने उतरत जाणारी पोफळीची बाग, पोफळीवर मिरीचे वेल, मधे केळी, जायफळ, दालचिनी, भिरंड म्हणजे कोकम, पाटाचं पाणी झुळझुळ चाललेलं. एका म्हाताऱ्या काकांनी आत बोलावलं, "येवा, बघा, पण पाटात पाय घालू नकात." दालचिनीच्या कोवळ्या पानावर ब्लूबॉटलची अंडी होती, काकांना दाखवली तर ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग त्यांनीच सांगितलं की व्हाळाच्या वरच्या अंगाला आणखी कुळागरं आहेत, त्याच्या वर देवाची राई, आणि राईच्या वर जंगल. म्हणजे माळच आहे ती, जंगल, राई, कुळागर, कुळागर, गाव, सगळं एका व्हाळाने ओवलेलं. राईला कोणी कोयता लावत नाही कारण ती देवाची, व्हाळाची झाडी कोणी तोडत नाही कारण पाणी आटेल, आणि फुलपाखरांची वाट या दोन कारणांमुळे टिकली आहे.

फिनलंडमध्ये ऑलंड बेटांवर इल्का हान्स्की यांनी ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी नावाच्या फुलपाखराचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथे सुमारे चार हजार छोटी कुरणं आहेत. दरवर्षी काही कुरणांमधून ते फुलपाखरू नाहीसं होतं आणि काही रिकाम्या कुरणांमध्ये शेजारून येऊन पुन्हा वसतं. एकेक कुरण बघितलं तर भरवसा नाही, पण सगळी मिळून जात टिकते, जोवर एकातून दुसऱ्यात जाता येतंय तोवर. दोडामार्गची कुळागरं बघताना मला सतत हे आठवत होतं. एका कुळागरात एखाद्या वर्षी ब्लूबॉटल संपलं तर काही बिघडत नाही, वरच्या कुळागरातून खाली येईल. पण मधली दोन कुळागरं विकली गेली आणि तिथे सपाट करून रबर लागला, तर खालच्या कुळागरात दालचिनी असूनही तिथे कोणी पोहोचणार नाही. काकांच्या खालच्या बाजूची एक बाग अशी सपाट झालेली आम्ही येताना बघितली होती. त्यांनाही ते खुपत होतं, पाटाचं पाणी त्याच बागेतून पुढे जायचं.

बुधवार, वेंगुर्ला

समुद्रावर फुलपाखरं बघायला कोणी जात नाही, पण गेलं पाहिजे. सकाळी सातला किनाऱ्यावर मतलई वारे, जमिनीकडून समुद्राकडे, आणि अकराच्या आसपास उलटून खारे वारे सुरू. शाळेत भूगोलात पाठ केलेलं हे फुलपाखरांसाठी रोजचं वेळापत्रक आहे. मतलई असताना ती अजून तापून उडायची असतात, हे त्यांच्या फायद्याचं, नाहीतर समुद्रावर ओढली जातील. खारे वारे सुरू झाल्यावर उघड्या पुळणीवर काही नाही, सगळी वाळूच्या टेकाडामागे, केवड्याच्या आणि सुरूच्या आडोशाला. मर्यादावेलीच्या फुलांवर थोडी.

आडोशाला खुळखुळ्याची झुडपं होती, पिवळी फुलं, वाळलेल्या शेंगा वाजणाऱ्या, आणि त्यांच्यावर ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो यांचे नर अक्षरशः लगडलेले. ते मकरंदासाठी आलेले नसतात. खुळखुळ्यात एक विषारी अल्कलॉइड असतं, ते नर वाळक्या काड्यांमधून, पिचलेल्या पानांमधून शोषतात, त्यापासून मादीला आकर्षित करायचा गंध तयार होतो आणि पक्ष्यांना ते बेचव लागतात. हे सगळे मोठे प्रवासी. दक्षिण भारतात पावसाळ्याच्या तोंडाला हे सह्याद्रीतून पूर्वेकडच्या मैदानाकडे आणि पूर्व घाटाकडे जातात आणि ऑक्टोबरपासून पुढे परत सह्याद्रीकडे येतात, असं बऱ्याच वर्षांच्या नोंदींवरून दिसतं. इतक्या लांबच्या प्रवाशाला पण वाटेत खुळखुळा लागतो, आणि ब्लू टायगरच्या अळीला हिरणदोडीचा वेल. दोन्ही कुठे उगवतात तर पडीक जागेत, कुंपणावर, वाळूच्या टेकाडावर, म्हणजे रिसॉर्टसाठी पहिल्यांदा जे साफ होतं ते.

प्रवासाचं म्हणाल तर पेंटेड लेडी नावाचं फुलपाखरू, आपल्याकडे पण दिसतं, २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गियानाच्या किनाऱ्यावर सापडलं आणि ते पश्चिम आफ्रिकेहून अटलांटिक ओलांडून, निदान ४२०० किलोमीटर, वाऱ्याच्या मदतीने आलेलं होतं हे २०२४ मध्ये सिद्ध झालं. त्याच सृष्टीत मावशीचं पामफ्लाय खळं ओलांडत नाही. म्हणून फुलपाखरांसाठी काय करावं याचं एक उत्तर नसतं, कोणतं फुलपाखरू हे आधी विचारावं लागतं.

दुपारी एका होडीवाल्या दादांनी खाडीत नेलं. भरती होती. कांदळवनाच्या दोन काठांमधे चांगलं रुंद पाणी, आणि त्यावरून क्रो आणि टायगर जात होते, पाण्यापासून वीतभर उंचीवर, सगळे एकाच ठिकाणी ओलांडत. का तिथेच, म्हणून बघितलं तर मधे कांदळाचं एक छोटं बेट. काठावरून बेट, बेटावर पानाआड जरा थांबायचं, तिथून पलीकडचा काठ. खाडी तिथे सगळ्यात अरुंद नव्हती, पण मधे टेकायला जागा होती. होडीवाले म्हणाले, "ता बेट दर वर्षी वाडता. माझ्या लहानपणी थय नुसती रेती होती." कांदळ रुजली, गाळ धरला, बेट झालं, आणि फुलपाखरांना पूल मिळाला.

मी होडीवाल्यांना विचारलं की पावसाच्या आधी, मे अखेरीला, ही कुठल्या दिशेने ओलांडतात, त्यांनी सांगितलं की लक्ष दिलेलं नाही पण आता देतील. मावसभाऊ कुडाळहून येऊन तीच जागा बघणार आहे, वारा कुठून आहे आणि फुलपाखरं कुठे चाललीत एवढंच लिहून ठेवायचं. तुमचं गाव खाडीकाठी असेल तर तुम्हीही बघा, सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली, आणि दिशा बघायची तर होकायंत्र नको, सूर्य कुठे आहे ते कळलं तरी पुरतं.